तणसाची स्टेपनी

१४ नोव्हेंबर

ही वही गाडीची आहे. जीप घेतली तेव्हा मूल गावच्या मिस्त्रीने सांगितलं होतं, जुनी गाडी म्हाताऱ्या माणसासारखी असते, तिचं दुखणंखुपणं लिहून ठेवत जा. तेव्हापासून ऑइल कधी बदललं, फॅनचा पट्टा कधी ताणला, बॅटरीत पाणी कधी टाकलं, सगळं यात आहे. मध्ये मध्ये माझंही काही लिहिलं जातं, त्याला इलाज नाही. चंदाबाई म्हणते, "माह्या बीपीच्या गोळ्याची तारीख ध्यानात राहत नाई तुमच्या, अन् गाडीच्या ऑइलची वही करता." बायको आहे, ती बोलणारच.

आज पत्रूकडून स्टेपनी आणली. जीपचं सगळं काम मी घरी करतो, टायर-ट्यूब तेवढं पत्रूकडे. त्याचं टिनाचं दुकान पाच किलोमीटरवर, आमचा जंगलाचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो त्या फाट्यावर आहे. दुकानामागेच राहतो. ट्यूबला खिळा लागला होता. त्याने लाल रबराचं, पळसाच्या पानासारखं कापलेलं ठिगळ लावलं. सगळे चौकोनी लावतात, हा पानासारखं लावतो. वर मला म्हणतो, "भाऊ, मयन्यातून एक डाव स्टेपनीची हवा पाहात जा. गरज पडते तवाच याद येते तिची."

मी म्हटलं, तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मी चाकं फिरवतोय. तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही.

३ डिसेंबर

तलावात शिंगाड्याची तोड जोरात आहे. आम्ही मासे धरणारे ढिवर, आमची सोसायटी, आमचा तलाव. सकाळी मासळी आणि शिंगाडे माझ्या जीपने मूलच्या बाजारात जातात. गावात कुणाला दवाखाना असो की वरात, पाय आधी माझ्या दाराला लागतात. खुशालची गाडी रस्त्यात पडत नाही, असं लोक म्हणतात. खोटं कशाला लिहू, ते ऐकायला बरं वाटतं.

दुपारी सोमाजी आला. लहानपणी आम्ही एकाच डोंग्यात बसून जाळं टाकायला शिकलो. तो अजूनही शिंगाडे तोडायला ट्यूबवर बसून पाण्यात जातो. काट्याने त्याची ट्यूब फाटली. म्हणाला, "भाऊ, घरी एखांदी जुनी ट्यूब पडून असन तं दे. पंधरा दिवसाचं काम हाय."

पडून नव्हती. पण सोमाजीला नाही म्हणायला जीभ वळेना. मी म्हटलं, आहे ना, दोन-दोन पडल्या आहेत. तो गेल्यावर मी मागची स्टेपनी उतरवली, टायर उकलला, ट्यूब काढली आणि संध्याकाळी त्याच्या घरी नेऊन दिली. त्याच्या बायकोने, रुखमावहिनीने चहा दिला. शनिवारी मूलहून नवी आणायची आहे.

४ डिसेंबर

बिनट्यूबची स्टेपनी जीपच्या पाठीवर लटकवली तर टायरचं पोट आत गेल्यासारखं दिसायला लागलं. येणारा-जाणारा विचारणार. म्हणून नव्या धानाचं तणस, सुका पेंढा, आणलं आणि ठासून भरलं. कुदळीच्या दांड्याने ठोकून ठोकून भरलं. वरून थाप मारली तर कुणाला कळायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि हे काही अगदीच वाया नाही. मी एकोणीस वर्षांचा असताना मूलहून येताना सायकलची ट्यूब फुटली, तेव्हा कुणाच्या तरी धानाच्या बांधीतलं तणस चाकात भरून घरापर्यंत आलो होतो. आमच्याकडे सगळेच तसं करायचे. वेळ पडली तर जीपही चार कोस जाईल.

२१ डिसेंबर

मूलला दोनदा जाऊन आलो. एकदा बर्फ घ्यायच्या गडबडीत विसरलो, एकदा दुकानात आमच्या मापाची ट्यूब नव्हती. ऑइल बदललं. रेडिएटरला थोडी गळती आहे, साबण लावून थांबवली.

संध्याकाळी सोमाजी आपल्या पोरीला, दिव्यानीला घेऊन आला. तिला पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचं पत्र आलंय. एकोणीस जानेवारी, गडचिरोली. साडेसहाला हजर व्हायचं, सातला फाटक बंद. गेली तीन वर्षं ही पोरगी तलावाच्या पाळीवर धावते. आधी लोक हसायचे, आता पाळीवर शेण टाकायचं असलं तरी ती येऊन गेल्यावर टाकतात.

सोमाजी म्हणाला, "या खेपेस लागली तं ठीक. नाई तं व्याहाडचे सोयरिकीचे पाव्हणे थांबून राह्यले. त्यायले मी शब्द देतो." दिव्यानी जमिनीकडे पाहत होती. मला म्हणाली, "काका, एसटी पहिली साडेसहाची हाय. ते नाई चालत."

मी म्हटलं, एसटी कशाला, जीप आहे ना. सव्वापाचला दारात उभी करतो. माझी गाडी आजवर कुणाची वेळ चुकवून उभी राहिलेली नाही. ती हसली. आजवर तिला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

१८ जानेवारी

रविवार. जीप धुतली. पाणी, ऑइल, बॅटरी, ब्रेक, सगळं पाहिलं. पुढची चाकं मागे, मागची पुढे केली. नट आवळले. मग स्टेपनीपाशी आलो.

मूलची दुकानं आज बंद. पत्रूकडे एखादी चालू ट्यूब असतेच. पण त्याच्याकडे चाक न्यायचं म्हणजे त्याच्यासमोर टायर उकलायचा आणि त्यातून तणस निघायचं. हे तो वर्षभर फाट्यावर येईल त्याला सांगेल. दोनदा किल्ली हातात घेतली आणि ठेवली.

एकच दिवस आहे. पाच किलोमीटर जंगल, पुढे डांबरी रस्ता. रोज जातो तो रस्ता. काही होत नाही.

१९ जानेवारी

काही लिहिवत नाही.

२० जानेवारी

लिहितो. नाही तर छातीवर बसून राहील.

सव्वापाचला निघालो. दिव्यानी पुढे, मांडीवर कागदांची पिशवी. सोमाजी मागे. दोन किलोमीटर झाले असतील, वनखात्याच्या नाल्यापाशी मागचं उजवं चाक बसलं. खाली उतरून पाहिलं तर सागाच्या खुंटाची फाक टायरमध्ये शिरलेली. त्या रस्त्यावर मोबाइलला रेंज नाही. साडेपाच होत होते.

दिव्यानी म्हणाली, "स्टेपनी हाय ना काका?"

मी हो म्हटलं.

जॅक लावला. नट मीच आदल्या दिवशी इतके आवळले होते की सोमाजीला पान्यावर उभं राहावं लागलं. स्टेपनी चढवली, जॅक उतरवला. चाकाने वजन घेतलं आणि थोडं दबलं, पण उभं राहिलं. मनात म्हटलं, निभावलं. फर्लांगभर गेलो असू. वास यायला लागला, मग गाडी एका अंगाला ओढायला लागली, मग रिमने टायर कापला. उतरून बघतो तर रस्त्यावर मागे लांबपर्यंत तणस सांडलेलं. धूर निघत होता.

दिव्यानीने वाकून मूठभर तणस उचललं आणि माझ्याकडे पाहिलं. सोमाजीही पाहत होता.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हटलं, "पत्रूनं ट्यूब खाल्ली. दिवाळीनंतर त्याच्याकडेच होतं चाक. ट्यूब काढून तणस भरून देल्लं चोट्ट्यानं."

सोमाजी लगेच खाली बघायला लागला. बिचारा. त्याला गाडीतलं काय कळणार.

दिव्यानीने कागदांची पिशवी पाठीला बांधली आणि धावत सुटली. त्या भागात दोन महिन्यांत वाघाने दोन बैल मारले आहेत. सोमाजी काठी घेऊन तिच्यामागे धावला, पण ती तीन वर्षं धावणारी पोर, तो शिंगाडे तोडणारा माणूस. वळणावर ती दिसेनाशी झाली आणि तो गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्यामागे मी चालत गेलो. 

तीन किलोमीटर धावून ती फाट्यावर पोचली. पत्रूला उठवलं. त्याने तोंडसुद्धा धुतलं नाही, मोटरसायकल काढली आणि तिला गडचिरोलीला नेलं. वैनगंगेच्या पुलावर धुकं होतं तरी थांबला नाही म्हणे. फाटकाशी पोचले तेव्हा सात वाजून बारा मिनिटं झाली होती. फाटक बंद. आत मुली धावत होत्या त्या बाहेरून दिसत होत्या. ती अर्धा तास जाळीला धरून उभी होती, पत्रू पोलिसांच्या हातापाया पडत होता. मग तो तिला परत घेऊन आला.

हे मला काल दुपारी सोसायटीच्या ओट्यावर कळलं. आणि ओट्यावरच्यांना माझ्याकडून ते ट्यूबचं कळलं. तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण सगळे विचारत होते, खुशालभाऊ, तुमची गाडी कशी काय पडली? मी तेच सांगितलं जे रस्त्यावर बोलून बसलो होतो. वड्याचं तेल वांग्यावर.

सोसायटीतला दिनेश म्हणाला, "म्हनूनच तं फटफटीवर घेऊन गेला. मन खात असन त्याचं." सगळ्यांना ते पटलं.

२४ जानेवारी

पत्रू आला होता. मी जीपखाली ग्रीस लावत होतो. त्याचे पाय दिसले, चपलेचा एक पट्टा तारेने बांधलेला. चंदाबाईला म्हणाला, "भाऊ हायत का घरी?"

मी आवाज दिला नाही. चंदाबाईने जीपकडे पाहिलं असणार, कारण तिला वेळ लागला. मग म्हणाली, "नाई, बाहेर गेले."

तो म्हणाला, "त्यायले सांगजा, मी ट्यूब घेतली नाई. एवढंच सांगाचं होतं." आणि गेला. मी अजून पाऊण तास गाडीखाली पडून होतो. ग्रीस लावायला काही उरलं नव्हतं.

जेवताना चंदाबाईने विचारलं, "पत्रूच्या घरी धानाची बांधी हाय का हो?"

"नाही. का?"

"मंग तणस कुठून आणलं असन त्यानं?"

मी म्हटलं, तणस काय, कुठेही मिळतं. तिने ताटं उचलली. या बायकांना कुठला प्रश्न कधी पडेल सांगता येत नाही.

२९ जानेवारी

सोमाजीने सकाळी दोन मरळ मासे आणून दिले, हातभर लांब. मागच्या आठवड्यात शिंगाडे दिले होते, उकडलेले, सोललेले. असा कधी देत नसे. माझ्यासमोर बसला, विडी पेटवली आणि विझवली. म्हणाला, "भाऊ, तुही याद राहीन मले जल्मभर."

मला काही समजलं नाही. पोरीचं नुकसान झालं माझ्या गाडीमुळे, आणि हा माझे उपकार मानतो. एवढा भोळा माणूस मी पाहिला नाही. मासा ताटातच राहिला. चंदाबाईने निम्मा शेजारी दिला.

जाता जाता म्हणाला, व्याहाडच्या पाहुण्यांना होकार कळवलाय, माघ संपायच्या आत उरकून टाकू. मी म्हटलं, एवढी घाई कशाला, पुढची भरती येईल ना. तर म्हणाला, "नाई. तिच्या नशिबातच नव्हतं. रोज सकाळी उठून ते पाळीकडे पाह्यते ना भाऊ, माह्यानं पाहवत नाई."

मी हळूच विचारलं, ती ट्यूब कुठे आहे, तुझं काम झालं असेल तर. तो एकदम म्हणाला, "कोन्ती ट्यूब? हां, ते. ते फुटली. फेकली मी." जीव भांड्यात पडला. हे लिहितानाही लाज वाटते की जीव भांड्यात पडला.

६ फेब्रुवारी

नवा टायर-ट्यूब चंद्रपूरहून आणला. मागचा डावा हब गरम होतो, बेअरिंग बघायचं आहे.

सोसायटीच्या बैठकीत ठरलं की मासळीच्या गाड्यांचं पंक्चरचं काम यापुढे पत्रूकडे द्यायचं नाही. ठराव कुणी मांडला नाही, नुसतं ठरलं. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं. मी चष्मा पुसत होतो. येताना फाट्यावरून आलो. दुकानापुढे एकही गाडी नव्हती, पत्रू ट्यूब तपासायच्या पाण्याच्या घमेल्यापाशी रिकामा बसला होता. त्याने मला रामराम घातला. मीही घातला.

११ फेब्रुवारी

दुपारी दिव्यानी आली. चंदाबाई सोसायटीत गेली होती. हातात पोतं. अंगणात पोतं उलटं केलं आणि त्यातून ट्यूब पडली. हवा गेलेली, शिंगाड्याच्या काट्यांचे ओरखडे. आणि वर लाल पान.

"काका, हे ठिगळ पत्रूकाकाचं होय ना?"

मी हो म्हटलं. ते काही लपवता येण्यासारखं नव्हतं.

"बाबानं तणसाच्या ढिगात लपवून ठेवली होती. गाईले टाकाले तणस ओढलं तं भेटली." तिचा आवाज अगदी सरळ होता, परीक्षेत उत्तर सांगावं तसा. "तुमच्या स्टेपनीतली होय का हे?"

मी पुन्हा हो म्हटलं.

"म्हंजे बाबानं काढली. माह्या बाबानंच चोरली. मी जाऊ नोये म्हनून. लग्न करून टाकाचं होतं त्याले."

मी उभा होतो. तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. एक वाक्य होतं फक्त, "नाही बाई, मी दिली." पाच शब्दही नाहीत. आणि माझ्या मनात काय आलं ते इथे लिहितो, म्हणजे पुढे कधी मी स्वतःला भला माणूस समजायला लागलो तर हे पान काढून वाचेन. मनात आलं की असंच राहिलं तर पत्रूही सुटेल आणि मीही.

ती म्हणाली, "मी कोनाले सांगनार नाई. पाव्हण्याले हो म्हनतो. अशा घरात राहून तरी काय करू." पोतं तिथेच टाकून गेली. मी तिला जाऊ दिलं.

१२ फेब्रुवारी

झोप लागली नाही. सकाळी चंदाबाईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून म्हणाली, "तुमी दांड्यानं ठोकून राह्यले होते तवाच पाह्यलं मी. मले वाटलं, आज सांगान, उद्या सांगान." मग सूप खाली ठेवलं. "आता जा. मी येत नाई संग. हे तुमचं तुमाले सांगा लागते."

सोमाजी घरी होता. रुखमावहिनी मांडवाच्या बांबूंचं विचारायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं. दिव्यानी आत होती. मी तिलाही बाहेर बोलावलं. बसा म्हणाले, मी बसलो नाही.

म्हटलं, "ट्यूब सोमाजीनं चोरली नाही. त्याने मागितली, मी दिली. घरी पडून आहे म्हणून खोटं बोललो आणि स्टेपनीतली काढून दिली. तणस मी भरलं. पत्रूवर आळ मी घेतला."

सोमाजी माझ्याकडे बघतच राहिला. "म्हंजे," तो म्हणाला, "तू मले वाचवून नोहता राह्यला?"

"वाचवून?"

"मले तं रस्त्यावरच समजलं ना भाऊ. तणस पाह्यलं अन् समजलं, मी मांगितलेली ट्यूब तेच होय. अन् तू पत्रूचं नाव घेतलं. मले वाटलं, पोरीसमोर माहं नाव नोको म्हनून घेतलं तू. तिचा बापच तिच्या ट्यूबवर बसून शिंगाडे तोडत होता, हे तिले समजू नोये म्हनून." तो खाली बसला. "म्हनून मी गप राह्यलो. पत्रूले गाल्या पडत होत्या अन् मी गप राह्यलो. तुह्या उपकारापायी."

म्हणजे ते मरळ. ते सोललेले शिंगाडे.

मला वाटलं होतं एकदा सांगितलं की संपेल. पण दिव्यानी पुढे आली. बापाकडे तिने एकदा पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळली.

"काका, तुमाले मालूम होतं ना स्टेपनीत तणस हाय?"

"होतं."

"मी तिथी इचारलं, स्टेपनी हाय ना. तुमी हो म्हनले. मंग जॅक लावला, नट खोलले, चाक चढवलं. वीस मिनिटं लागले. मी घड्याळ पाहून राह्यली होती." ती थांबली. "मी बारा मिनिटानं हुकली काका. नाई म्हनले असते तं मी तवाच धावत सुटली असती."

हा हिशेब मी केलाच नव्हता. इतके दिवस ट्यूब, तणस, पत्रू, सगळं उलटसुलट करून पाहिलं, पण हे नाही. मला वाटत होतं माझा गुन्हा डिसेंबरातला आहे. तो त्या नाल्यापाशी, एका "हो"चा होता. तेव्हाही तोंड उघडलं असतं तर पोर पोचली असती.

मी तिच्यापुढे हात जोडले. तिने माझे हात धरून खाली केले, पण माफ केलं असं काही म्हणाली नाही. म्हणाली, "पत्रूकाकाले कोन सांगनार?"

१३ फेब्रुवारी

जीप नेली नाही. ती ट्यूब पोत्यात न घालता उघडी खांद्यावर घेतली आणि भर सकाळी फाटलेल्या टायरचं ते चाक ढकलत गावातून निघालो. ओट्यावर सगळे होते. कुणीतरी विचारलं, गाडी कुठे पडली भाऊ? मी थांबलो आणि सांगितलं. पुढे पिठाच्या गिरणीपाशी पुन्हा सांगितलं. दिनेशला दोनदा सांगावं लागलं, कारण त्याला पहिल्यांदा पटलं नाही. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

गावाबाहेर पडल्यावर मागून सोमाजी आला. त्याने चाक माझ्या हातातून घेतलं. नाल्यापर्यंत त्याने ढकललं, पुढे मी. रस्त्याच्या कडेला अजून ते तणस पडलेलं आहे, गुरांनी अर्धं खाल्लं आहे.

पत्रूने सगळं ऐकून घेतलं. ट्यूब हातात घेऊन आपल्या ठिगळावरून अंगठा फिरवला. म्हणाला, "ठिगळ टिकलं तं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, मी पोरीले घेऊन गेलो ना, तवा रस्त्यात तिनं मले सांगतलं होतं, काका म्हनते तुमी ट्यूब चोरली. मी म्हनलं, मागून पाहू, तू घट्ट धरून बस."

सोमाजी रडायला लागला. मी घमेल्यातल्या पाण्यात बघत उभा राहिलो. पत्रूने ट्यूबमध्ये हवा भरली, पाण्यात बुडवून फिरवली, बुडबुडे आले त्या दोन ठिकाणी खूण केली आणि कामाला लागला. ठिगळं पानासारखीच कापली.

२ मार्च

सोसायटीचं काम पत्रूकडे परत गेलं. व्याहाडच्या पाहुण्यांना सोमाजीने स्वतः जाऊन सांगितलं, पोरीला आणखी एक भरती पाहू द्या. थांबायचं तर थांबा. ते थांबणार नाहीत असं दिसतं. रुखमावहिनी चार दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत, आता बोलतात.

मी दिव्यानीला म्हटलं, पुढच्या वेळी मी आदल्या दिवशीच सोडून देईन, गडचिरोलीत मुक्काम कर. ती म्हणाली, "नाई काका. मी एसटीनं जाईन." अगदी साध्या आवाजात. मी बरं म्हटलं.

ती पुन्हा पाळीवर धावायला लागली आहे. जाताना माझ्या घरावरून जाते. गेल्या आठवड्यापासून एक गोष्ट करते. दारात जीप उभी असते, मागे स्टेपनी लटकलेली असते. धावता धावता ती स्टेपनीवर एक थाप मारते आणि पुढे जाते. हवा भरलेल्या चाकाचा आवाज वेगळा येतो. ती तपासते की मला आठवण करून देते, विचारायची हिंमत नाही.

रोज झोपताना हवा पाहतो. पहाटे अंथरुणात पडून त्या थापेची वाट बघतो.

डावं बेअरिंग बदललं. स्टेपनी: ट्यूब आहे, हवा आहे.